सुरणाचा खलिया

“हे अभयलाच विचारा वहिनी, त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं,” शफीभाई म्हणाले आणि बोटाला लागलेली तर्री चाटून त्यांनी दुसऱ्या वाटीकडं हात नेला. एवढंच. बाहेर मे महिन्याची दुपार होती, खिडकीतला कूलर घरघरत होता, माझ्या हातात पळी होती आणि पळीत फणसाच्या दोन फोडी. वाढायला वाकले होते ती तशीच वाकलेली राहिले. पळीतून एक थेंब सुटला आणि टेबलावरच्या प्लास्टिकवर पडला. मला वाटलं, गमतीनं म्हणाले. मी हसलेसुद्धा. “यांना काय कळणार,” मी म्हटलं, “यांनी जन्मात कधी...” आणि मग शफीभाईंच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं गंमत नव्हती. एखाद्या चांगल्या डॉक्टरचं नाव सुचवावं तसं त्यांनी साध्या मनानं सुचवलं होतं. “पहिल्या पगारापासून खातोय की माझ्यासोबत,” ते म्हणाले, “शहागंजात डेगचं झाकण निघालं की हा लांबूनच सांगायचा, आज खसखस जास्त पडली म्हणून. काय रे? सांग ना वहिनींना, सुरण का फणस?” अभयना ठसका लागला. शफीभाईंच्या बायकोनं, रईसाभाभींनी, पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढं सरकवला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठसकताना अभयनी पाहिलं, ते माझ्याकडं नाही. आतल्या खोलीच्या पडद्याकडं पाहिलं. पडद्यामागं त्यांची आई झोपली होती.

परीक्षा माझी होती आणि परीक्षक मीच बोलावले होते, यात कुणाला दोष देऊ. महिनाअखेरीला अभय रिटायर होणार. क्रांती चौकाजवळ हॉल घेतलेला. ऑफिसची माणसं येणार, त्यांतली निम्मी खाणारी. पाचोडची सासरची माणसं येणार, त्यांतल्या कुणाला अंडं दिसलेलं चालत नाही. अभयचं म्हणणं एकच होतं, माझ्या नावाच्या पंगतीत मांस नको, पण खाणाऱ्यांना उपाशी उठल्यासारखं वाटायला नको. “तू कर ना काहीतरी, सरिता. तुझ्या हाताला ते जमतं.” ते खरं आहे. मला ते जमतं. आमच्या नात्यागोत्यात म्हणतात, सरिताकडं जेवलं की मटणाची आठवण येत नाही. मी कुठं शिकायला गेले नाही. मोबाइलवर बघून, फसून, पुन्हा करून शिकले. सोयाबीनच्या वड्या गरम पाण्यातून काढून पोटातलं सगळं पाणी निघेस्तोवर पिळायच्या, नाहीतर त्या रबरासारख्या चावत बसाव्या लागतात. कच्चा फणस चिरताना तळहाताला तेल लावायचं. सुरण चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवायचा, तरी एखादी फोड घशात खवखवतेच. घसा खाजवता येत नाही, माणूस नुसता आवंढे गिळत बसतो. तिन्ही प्रकार मी एकाच मसाल्यात केले, खलियाच्या, म्हणजे शहागंजातल्या त्या मटणाच्या रश्श्याच्या. सुकं खोबरं, खसखस, तीळ, चारोळी, वर तर्री आलीच पाहिजे. खलिया म्हटल्यावर सोबत नान हवा, तो शहागंजातून आणला, हळदीच्या रंगाचा, ताटाएवढा. कुठला प्रकार खऱ्याच्या सगळ्यांत जवळ जातो हे कोण सांगणार? ज्यांना खरा माहीत आहे ते. म्हणून शफीभाई आणि रईसाभाभी. अभयच्या नोकरीइतकीच जुनी त्यांची ओळख. मी स्वतः फोन करून बोलावलं. “खरं सांगायचं हं,” मी म्हटलं होतं, “माझं मन राखायला गोड बोलायचं नाही.”

सासरचं घर महानुभावी. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई, चतुराबाई, दाराशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं, “पोरी, उपदेश घेतल्याबिगर तुझ्या हातचं मला चालायचं नाय.” उपदेश घ्यायचा म्हणजे पंथाच्या बाबांसमोर बसून मांस-मद्य कायमचं सोडायचं. मी घेतला. माझं माहेर नाथसागराच्या काठाला, पाणी उतरलं की गाळात मासे तडफडायचे आणि रविवारी गावात कुठल्या घरी काय शिजतंय ते रस्त्यावरनं कळायचं. मला ते सोडताना जड गेलं का? गेलं. पण लग्नात बाई काय काय सोडते, त्यात हे एक. अभयचं तसं नव्हतं. ते जन्मानंच त्या घरातले. मला त्यांची, खरं सांगते, कीव यायची. मी खाऊन सोडलं होतं, त्यांना तर ठाऊकच नव्हतं काय सोडलंय ते. नवीन लग्न झालेलं, आम्ही स्कूटरवरनं पैठणहून परत येत होतो, दोन्ही बाजूला तुरी उभ्या होत्या, आणि ते वाऱ्यात मान मागं वळवून म्हणाले, “कसं लागतं गं ते?” मी विचारलं काय. “तेच. मटण.” मी त्यांच्या खांद्याला धरलं आणि कानाशी तोंड नेऊन सांगत बसले. आमचे आप्पा नळी वेगळी काढून ठेवायचे माझ्यासाठी, ती ताटात ठोकली की मगज सुटतो, तो गरम भाकरीवर घ्यायचा, मीठसुद्धा लागत नाही. आणि तुकडा दातात आला की पहिल्यांदा जरा नाही म्हणतो आणि मग सुटतो. असं काय काय सांगितलं. आंधळ्याला रंग सांगावा तसं, हळू, उपमा शोधत शोधत. मधेमधे ते म्हणायचे, “मग?” स्कूटर त्यांनी मुद्दाम हळू चालवली होती. मला वाटलं, आमच्यात काहीतरी जुळतंय. आम्ही बिडकीन मागं टाकलं तरी मी सांगतच होते. पहिल्या पगारापासून, शफीभाई म्हणाले. पहिला पगार लग्नाच्या कितीतरी आधीचा.

“सुरण,” अभय म्हणाले. ठसका थांबला होता. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं आणि शफीभाई अजून उत्तराची वाट बघत होते. “सुरण जरा धरून आहे. फणसाचे धागे सुटतात.” हे म्हणताना त्यांनी डोळे अर्धे मिटले. तेच ते, ओट्याशी उभं राहून चमचा तोंडात धरून मिटायचे तसे. गेली कित्येक वर्षं माझ्या प्रत्येक रश्श्याची पहिली चव त्यांनीच बघितली. “अजून दाट हवं. खोबरं पुढं पुढं करतंय. हाडाचं जे एक असतं ना, ते येत नाही अजून.” मी म्हणायचे, तुम्हाला काय माहीत हाडाचं काय असतं ते? ते म्हणायचे, “तू सांगितलंयस की.” मला वाटायचं, काय कल्पनाशक्ती आहे या माणसाला. बायकोनं एकदा स्कूटरवर सांगितलेलं असं जिभेवर धरून ठेवलंय. मी बायकांना हे कौतुकानं सांगितलेलं आहे. “बघा,” शफीभाई रईसाभाभींना म्हणाले, “मैं बोला था ना, ये पकडेगा.” मग बहुधा त्यांना माझं तोंड दिसलं. त्यांनी नानचा तुकडा मोडला, तो खाल्ला नाही, ताटाच्या कडेला ठेवला. “वहिनी,” ते म्हणाले, “सोयाबीनचं राहू द्या आता. पोट भरलं.”

मी भांडी उचलून आत आले. माझ्या मागं रईसाभाभी आल्या. नळाचा दिवस होता, टाकी भरत आली होती, वरून पाण्याचा आवाज येत होता आणि तो बंद करायला कुणी उठत नव्हतं. रईसाभाभींनी माझ्या हातातली पळी काढून घेतली. “भाभी, तुमकू सच्ची में नै मालूम था?” मी मान हलवली. “हमकू तो अभयभाई ने शुरू में ही बोल दिया था,” त्या म्हणाल्या, आणि आवाज आपोआप खाली गेला, “बोले, हमारे में औरतां नै खाते. मर्दां बाहर खा लेते, घर में उसकी बात नै करते. हम बोले, होता होंगा. हर एक का अपना दस्तूर रहता.” मी म्हटलं, “असा काही दस्तूर नाही आमच्यात. उपदेश बाईला नि पुरुषाला सारखाच असतो.” त्यांनी तोंडावर हात ठेवला. “या अल्लाह. मैं तो इतने साल...” मला ईद आठवली. एक नाही, सगळ्या. त्यांच्या घरी बाहेरच्या खोलीत पुरुषांचा दस्तरखान, आतल्या खोलीत आम्हा बायकांचा. माझ्यासाठी रईसाभाभी वेगळ्या पतेल्यात भाजीचा पुलाव करायच्या. तो पतेला त्यांनी माझ्यासाठी म्हणून नवा घेतलेला, त्यात दुसरं काही शिजवत नाहीत, घासायचा काथ्यासुद्धा वेगळा. मला एकदा त्यांनी तो दाखवला होता, वरच्या फळीवर, उपडा, धुतलेल्या कापडावर. परक्या घरात माझं व्रत एवढं जपतात म्हणून मला भरून आलं होतं. मधे एक भिंत, भिंतीला एक दार. त्या दारातनं रईसाभाभी माझा पुलाव घेऊन यायच्या आणि त्याच हातांनी बाहेर अभयच्या ताटात खलिया वाढायच्या. म्हणजे माझ्या नवऱ्यानं एक अख्खा रिवाज तयार केला होता. त्याला नियम होते, त्याला साक्षीदार होते, तो लोकांनी पाळला, माणुसकीनं पाळला. फक्त त्या रिवाजात मी एकटीच बसत होते. “गुस्सा हमपे मत उतारो,” रईसाभाभी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, “तुमच्यावर कशाला?” पण जरासा राग त्यांच्यावरही होता. एवढ्या वर्षांत एकदा, नुसतं गमतीत, तुम्ही मला का नाही म्हणालात? मी ते म्हटलं नाही. त्या जाताना नेहमीसारखं गळ्याशी धरून भेटल्या आणि मला त्यांच्या केसांतून तेलाचा आणि मसाल्याचा वास आला. तो माझाच मसाला होता.

अभय त्यांना सोडायला खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. मी टाकीचा कॉक बंद केला. टेबलावर तीन वाट्या होत्या, वर तर्रीची साय धरलेली. माणूस फसला की त्याला राग येतो असं म्हणतात. मला आधी लाज वाटत होती. चारचौघांत पदर सरकलेला असावा, सगळ्यांना दिसत असावा आणि कुणी सांगू नये, तशी. आणि लाजेच्या मागून आप्पा येत होते. त्यांना मी येऊ देत नव्हते, तरी आलेच. शेवटच्या वर्षी आप्पा तपासण्यांसाठी आमच्याकडं राहिले होते, याच खोलीत, कूलरच्या तोंडाशी. अन्न जाईना. एक दिवस मला जवळ बोलावून म्हणाले, “सरे, एकदा रस्सा कर. पाण्यावाणी पातळ कर, दोन घोट घेतो. पर खरा कर.” मी अभयना पॅसेजमध्ये गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांचे डोळे ओले झालेले मला अजून दिसतात. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “माझी ना नाही गं. पण आई आहे घरात. आणि तुझा उपदेश आहे. तुझ्याच मनाला नंतर लागेल.” मला वाटलं, किती कळतं यांना माझ्या मनातलं. मी सोयाबीनचा केला. रात्रभर भिजवून, सगळं कसब लावून केला. आप्पांनी वाटी तोंडाला लावली, दोन घोट घेतले, ओठ पुसले. “झकास,” म्हणाले, “कळतबी नाय.” ते खोटं बोलत होते हे मला कळलं आणि मला कळलंय हे त्यांना कळलं. पण ते खोटं स्वच्छ होतं. ते माझ्यासाठी बोलले होते. मग भाऊ येऊन त्यांना गावाकडं घेऊन गेला आणि दिवाळीच्या आत आप्पा गेले. मी स्वतःला सांगत आले, नियम म्हणजे नियम, तो आपल्यापेक्षा मोठा असतो, बापापेक्षासुद्धा. अभयनी नाही का जन्मभर पाळला? तेवढ्या एका आधारावर मी ते दोन घोट विसरू शकले होते. आज दुपारी तो आधार ठसका लागून पाणी प्यायला.

पडद्यामागून चुळबुळ ऐकू आली. सासूबाई उठल्या होत्या. मी चहा केला आणि बशीत ओतून त्यांच्या हातात दिला. आता त्यांना नीट दिसत नाही, पण चहा किती ते वजनावरून कळतं. “पावनं गेलं का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि पलंगाच्या कडेला बसले. एरवी मी त्यांच्यासमोर बसत नाही. त्यांनीही ते ओळखलं, बशी खाली घेतली. “काय झालं गं?” मला वाटलं होतं, या वयात यांना धक्का द्यायचा की नाही याचा मी विचार करीन. पण शब्द आधीच तोंडात होते. “आई, हे बाहेर मटण खातात. लग्नाच्या आधीपासून.” सासूबाईंनी चहावर फुंकर घातली. एक घोट घेतला. “व्हय,” म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांनी नीट ऐकलं नाही. “मटण म्हणते मी.”

“ऐकलं की. बहिरी नाय मी. कवाधरनं म्हायती हाय मला. त्याला वाटतंय आईला कळत नाय, तर वाटू दे म्हणलं. पुरुषाची जात. घरात नाय ना आणलं कधी?” दुसरा घोट. “सदऱ्याला वास यायचा. मी जल्मात त्याला शिवले नाय, मला लांबनं कळतंय. तुला नाय कळायचं. तू त्याच वासात वाढलीस. तुला म्हायेरावाणी वाटलं असंल.”

त्या हे टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. म्हातारी माणसं पाऊसपाण्याचं बोलतात तसं बोलल्या. पण मी पलंगाची पट्टी घट्ट धरली. कारण ते खरं होतं. अभयचे दौऱ्याचे दिवस असायचे. उशिरा यायचे, म्हणायचे शफीसोबत चहा झाला, जेवण थोडंच वाढ. त्या दिवशी त्यांचा शर्ट खुंटीवरून काढताना मला बरं वाटायचं. का ते कळायचं नाही. उगाच तो शर्ट जरा वेळ हातात राहायचा. कधी मी तो नाकाशी धरला असेल. मला वाटायचं, एवढी वर्षं झाली तरी आपल्याला या माणसाची ओढ वाटते, नशीबच म्हणायचं. त्या दिवशी मी त्यांच्याशी जास्त मायेनं वागायचे. ते कांदा-लसणाचं, धुराचं, चरबीचं जे काही कापडात अडकून यायचं, त्याला मी प्रेम समजले होते. म्हणजे माझं प्रेमसुद्धा त्यांनी शहागंजातून आणलेलं.

“मग मला का नाही सांगितलं, आई?” मी विचारलं. माझा आवाज लहान मुलीसारखा निघाला, त्याचाही मला राग आला.

“सांगून काय करायचं?” बशी त्यांनी माझ्याकडं दिली. “सांगितलं असतं तर तू बी खाल्लं असतंस. मग मी कुणाच्या हातचं जेवले असते?”

त्यांच्या दृष्टीनं एवढं सोपं होतं ते. मी बशी घेऊन स्वयंपाकघरात आले. त्या बरोबर बोलत होत्या. मी खाल्लं असतं. पहिल्या वर्षी कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी माहेरी जाऊन पोटभर खाऊन आले असते, आणि आप्पांनी माझ्या ताटाकडं न बघता नळी माझ्याकडं सरकवली असती. सगळ्यांना हे ठाऊक होतं. शफीभाईंना वाटत होतं मला माहीत आहे. रईसाभाभींना रिवाज माहीत होता. सासूबाईंना मुलगा माहीत होता. आणि या सगळ्यांच्या मधोमध मी एकटी तेलाचा हात करून फणस चिरत होते. घर शुद्ध आहे असं अभय पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे. खरं होतं. घराचं ते जे काय शुद्ध होतं ते मी होते. बाकी कुणी नाही.

अभय आले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. चप्पल काढल्याचा आवाज आला, मग काही नाही, मग ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. हातात उरलेला नान होता, कागदात गुंडाळलेला. काहीतरी हातात असावं म्हणून टेबलावरून उचलून आणला असावा. रिटायर होणाऱ्या माणसाचे खांदे महिनाभर आधीच उतरतात की काय कोण जाणे, मला ते एकदम म्हातारे दिसले, आणि माया आली, आणि त्या मायेची मला किळस आली. “शफीला अक्कल नाही,” ते म्हणाले. “म्हणजे, तसं नाही म्हणायचं मला.” मग नान ओट्यावर ठेवून म्हणाले, “हे बघ सरिता. मी तुझ्यापासून लपवलं नाही. आईपासून लपवलं. तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं, आणि तिला कळलं असतं. तिनं जेवण सोडलं असतं. तुला माहितीय ती कशी आहे. मी तिच्यासाठी...”

“आईंना माहितीय,” मी म्हटलं.

“काय माहितीय?”

“सगळं. लग्नाच्या आधीपासून. तुमच्या सदऱ्याला वास यायचा.”

ते स्टुलावर बसले. पोराच्या दप्तरात काहीतरी सापडावं आणि त्याचं तोंड व्हावं तसं त्यांचं तोंड झालं होतं. मी थांबले. ते आता काय बोलतात याच्यावर माझं सगळं टांगलेलं होतं, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी मी थांबले. दोन वाक्यं पुरली असती. एकच पुरलं असतं. आप्पांचं नावसुद्धा पुरलं असतं, नुसतं नाव.

“म्हणजे मी उगाच,” ते म्हणाले. “एवढी वर्षं उगाच. शफीकडं साबणानं तीनतीनदा हात धुवायचो. बडीशेप खायचो. उन्हाळ्यात बाहेर फिरत राहायचो वास जावा म्हणून. पोटभर कधी खाल्लं नाही, घरी येऊन पुन्हा जेवायचंय म्हणून. आणि तिला माहीत होतं?” ते हसले. खरंच हसले. मान हलवून हलवून. “कमाल आहे म्हातारीची. एकदा तरी म्हणायचं ना मला. उगाच जन्म काढला चोरासारखा.” मी त्यांचं बोलणं ऐकत होते. त्यात ते होते, आई होती, शफी होता, साबण आणि बडीशेप होती. मी वाट बघत होते. मी त्यात येणार होते, यायलाच हवी होते, फक्त जरा मागं असेन, बायका मागंच असतात. ते बोलून संपले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, आणि मी बघता बघता त्या तोंडावर काहीतरी हलकं होत गेलं. एखादं जुनं दुखणं नव्हतंच असं कळावं तसं. खांदेसुद्धा जरा वर आले.

“मग आता,” ते म्हणाले, “तशी काही हरकतच नाही की.”

“कशाला?”

“नाही, हॉलवर नको. पाचोडची माणसं आहेत, तिथं आपला सुरणच. पण घरी. आईचीच जर ना नाही...” त्यांनी वाटीतल्या सुरणाची एक फोड बोटांनी उचलली, तोंडात टाकली, डोळे अर्धे मिटले. “आणि विकतचं तरी कशाला आणायचं? शहागंजात आता पहिल्यासारखा राहिला नाही खलिया. तूच कर की. सुरणाचा असा होतो तुझा, तर खरा कसला होईल! रिटायर झाल्यावर रविवारचा. तू खाऊ नको वाटलं तर. तुझा उपदेश आहे, ते मला मान्य आहे.”

कूलर बंद होता, म्हणून घर फार शांत होतं. माझ्या हातांना पाट्यावरचा ओला मसाला आठवला. तुरीच्या काढणीला आमच्या शेतावर माणसं असायची, आईला ताप असला की मी एकटी दगडांची चूल मांडून मोठ्या पातेल्यात मटण चढवायचे, परकर-पोलक्यातली पोर मी, आणि गडीमाणसं रस्सा पुन्हा मागून घ्यायची. चरबी आधी सोडवून घ्यायची, हळदीत परतायचं, पाणी गरमच घालायचं, गार घातलं की तुकडा हट्टाला पेटतो. सगळं होतं हातात, एक कण गेला नव्हता. स्कूटरवर मी त्यांना खाण्याचं सांगितलं होतं. करण्याचं कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

“मला येत नाही,” मी म्हटलं.

“हां,” ते म्हणाले, “तेही खरंच. तू कुठं कधी केलंयस.”

त्यांनी लगेच मानलं. एक प्रश्न नाही, शंका नाही, माझ्या डोळ्यांकडं दुसऱ्यांदा बघणं नाही. उलट जरा हळहळले माझ्यासाठी, बिचारीला ठाऊकच नाही म्हणून. मी त्या तोंडाकडं बघत राहिले. स्वच्छ, समाधानी, विश्वास ठेवलेलं तोंड. इतकी वर्षं त्यांच्यासमोर माझं तोंड असंच दिसत असणार.